आमदार जज झाला तर बोंब, आणि जज खासदार झाला तर हारतुरे?

दर दीड-दोन वर्षांनी आपल्याकडे हा वाद ठरल्यासारखा पेटतो. आधी कुठल्यातरी पक्षात असलेला वकील हायकोर्टाचा जज होतो आणि मग दोन दिवस टीव्हीवर आणि फोनवर नुसता धुरळा. फेब्रुवारी २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टात व्हिक्टोरिया गौरी यांच्या वेळी झालं, २०२५ मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टात आरती साठे यांच्या वेळी झालं, त्या भाजपच्या प्रवक्त्या होत्या म्हणून रोहित पवारांपासून सगळ्यांनी आक्षेप घेतला, भाजपवाल्यांनी सांगितलं की त्यांनी पद आधीच सोडलंय, आणि मग दोन्हीकडून जुन्या याद्या बाहेर आल्या की तुमच्या राज्यात अमुक जज झाला होता, तुमच्या राज्यात तमुक. गंमत म्हणजे याद्या दोन्ही बाजूंच्या खऱ्या असतात.

मला विचाराल तर वकील आधी आमदार-खासदार झाला आणि नंतर जज झाला यात फारसं काही बिघडत नाही. उलटा रस्ता, म्हणजे जजच्या खुर्चीवरून उठायचं आणि थेट राज्यसभा, राजभवन नाहीतर पक्षाचं तिकीट, तो खरा घोळ आहे. आणि नेमकं त्याच्यावर आपण चार मीम फॉरवर्ड करून गप्प बसतो.

घटनेत काय लिहिलंय ते आधी बघू, कारण बरेच जण छातीठोकपणे सांगतात की राजकारण्याला जज करताच येत नाही. तसं काही नाहीये. सुप्रीम कोर्टासाठी कलम १२४ म्हणतं की पाच वर्षं हायकोर्टाचा जज असावा, किंवा दहा वर्षं हायकोर्टातला वकील, किंवा नावाजलेला कायदेपंडित. हायकोर्टासाठी कलम २१७. पक्षाचं मेंबर असणं, निवडणूक लढवणं, याबद्दल एक अक्षर नाही. आणि ते विसरून राहिलं असेल असंही वाटत नाही, कारण घटना लिहायला बसलेल्यांमध्येच बरेच लोक वकील आणि राजकारणी दोन्ही होते.

आपल्या मुंबई हायकोर्टाचा सुरुवातीचा काळ बघा ना. काशिनाथ त्र्यंबक तेलंग, वकील, १८८४ पासून मुंबईच्या कायदे कौन्सिलात, १८८५ ला काँग्रेस उभी करणाऱ्यांमध्ये, आणि १८८९ ला हायकोर्टाचे जज. रानडे कौन्सिलात होते आणि १८९३ ला तेलंग गेल्यावर हायकोर्टात आले. बदरुद्दीन तय्यबजी कौन्सिलात होते, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते, १८९५ ला जज झाले. नारायण चंदावरकर तर १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष आणि पुढच्याच वर्षी हायकोर्टात. आजच्या हिशोबाने हे सगळे डिस्क्वालिफाय! (हो, त्यावेळी कौन्सिलावर नेमायचं काम ब्रिटिश करायचे, आणि काँग्रेसच्या माणसाला जजची खुर्ची दिली की तो राजकारणातून आपोआप बाजूला होतो हा सरकारचा फायदाही होताच, ते विसरून चालणार नाही.)

पण या लोकांनी खुर्चीवर बसून काय केलं? टिळकांची केस घ्या, कारण तिथे सगळे एकाच गोष्टीत भेटतात. जुलै १८९७ मध्ये टिळकांना राजद्रोहात अटक झाली. बेलचा अर्ज हायकोर्टात गेला तेव्हा बेंचवर होते पार्सन्स आणि रानडे, त्यांनी बेल नाकारली. नंतर खटला सेशन्सकडे गेल्यावर परत अर्ज केला, तो आला तय्यबजींसमोर आणि त्यांनी बेल दिली. म्हणजे काँग्रेसच्या जन्मापासून तिच्याशी संबंध असलेले रानडे आणि काँग्रेसचे माजी अध्यक्ष तय्यबजी, दोघांचं मूळ गोत्र एकच, निकाल उलटे. आता पुढची गोष्ट तर अजून भारी आहे. तय्यबजींसमोर टिळकांच्या बेलसाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. हेच दावर अकरा वर्षांनी, १९०८ ला, स्वतः जज होते आणि टिळक परत आरोपी. या वेळी बेल मागायला उभे होते जिना, आणि दावरनी एकेकाळी जे मुद्दे स्वतः मांडले होते त्याच धर्तीचे मुद्दे ऐकून बेल नाकारली, आणि नंतर सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा, मंडाले. दावर कुठल्या पक्षाचे नव्हते, कौन्सिलात गाजलेले नव्हते, आजच्या भाषेत अगदी क्लीन प्रोफाइल! माणूस आधी कुठे होता यावरून तो खुर्चीत बसून काय करेल याचा अंदाज बांधणाऱ्याने ही केस एकदा नीट वाचावी.

स्वातंत्र्यानंतरचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे व्ही. आर. कृष्ण अय्यर. मलबारात तलश्शेरीला वकिली, शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या केसेस, १९४८ ला कम्युनिस्टांना मदत करतो या आरोपावरून महिनाभर तुरुंगात. १९५२ ला मद्रास विधानसभेत अपक्ष आमदार, १९५७ ला केरळात कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर निवडून आले आणि नंबूद्रीपादांच्या मंत्रिमंडळात कायदा, तुरुंग, वीज, पाटबंधारे असली खाती. १९५९ ला केंद्राने ते सरकार बरखास्त केलं. १९६८ ला केरळ हायकोर्टाचे जज आणि १९७३ ला सुप्रीम कोर्ट. तेव्हाही बोंबाबोंब झालीच, मुंबईतल्या वकिलांनी विरोध केला, त्यात सोली सोराबजीही होते, आणि पुढे सोराबजींनी मोकळेपणाने मान्य केलं की तेव्हाचा आमचा विरोध चुकला.

कृष्ण अय्यर यांचं आमदार-मंत्री असणं कोर्टाच्या कामी कसं आलं ते बघायचं तर सुनील बत्रा केस बघा. तिहारमधला एक कैदी सुप्रीम कोर्टाच्या जजला पत्र लिहितो की इथल्या वॉर्डरने पैसे उकळायला दुसऱ्या कैद्याचा अमानुष छळ केलाय. वकील नाही, स्टॅम्प नाही, अॅफिडेव्हिट नाही, साधं पत्र. कोर्टाने ते पत्रच याचिका म्हणून घेतलं, वकील नेमून त्यांना तुरुंगात बघायला पाठवलं, आणि मग कैद्यांच्या हक्कांवर जे जजमेंट आलं ते आजही कोर्टात रोज वाचलं जातं. जो माणूस स्वतः आत राहून आलाय आणि नंतर तुरुंग खात्याचा मंत्रीही होता, त्याला जेलर कागदावर काय लिहून देतो आणि बराकीत काय चालतं यातला फरक कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. रतलामच्या केसमध्येही तेच, नगरपालिका म्हणते गटारं बांधायला पैसे नाहीत, आणि हे १९८० ला सांगतात की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, लोकांच्या दारातली घाण काढा. बजेट कसं बनतं, कुठे पैसा असतो आणि कुठे नसल्याचं सांगतात हे मंत्री राहिलेल्याला कळतं. कायदा सभागृहात कसा पास होतो, घाईत, तडजोडीत, कधीकधी सदस्यांनी वाचलेलाही नसताना, हे आयुष्यभर फक्त कोर्टातच उभं राहिलेल्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागतं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या सँड्रा डे ओकॉनर अॅरिझोनाच्या सिनेटमध्ये मेजॉरिटी लीडर होत्या, २००६ ला त्या निवृत्त झाल्या त्यानंतर तिथे कधी निवडणूक जिंकून आलेला एकही जज बसलेला नाही, आणि तिथलं कोर्ट त्यामुळे कमी राजकीय झालंय असं कुणी म्हणू शकेल का?

आता २४ जून १९७५. अलाहाबाद हायकोर्टाने १२ तारखेला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केलेली, सुट्टीचं कोर्ट, आणि सुट्टीतले जज कृष्ण अय्यर. त्याआधी त्यांना कायदामंत्र्यांचा फोन आला, भेटायचंय म्हणून. अय्यर यांनी विचारलं कशासाठी, आणि अपील करायचं असेल तर रजिस्ट्रारकडे कागद द्या, भेटायची गरज नाही असं सांगितलं. हे त्यांनी स्वतः नंतर सांगितलंय. इंदिरा गांधींकडून पालखीवाला, निवडणुकीला आव्हान देणाऱ्या राजनारायण यांच्याकडून शांतिभूषण, दोन्ही बाजू ऐकून सशर्त स्टे दिला, पंतप्रधान राहा, सभागृहात बसा, बोला, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही. दुसऱ्या रात्री आणीबाणी आली. फोन करणारे कायदामंत्री होते ह. रा. गोखले, मुंबई हायकोर्टाचे माजी जज! माजी जज मंत्री होऊन जजला भेटायला बघतोय आणि माजी मंत्री जज होऊन त्याला रजिस्ट्रारकडे पाठवतोय. माझा अख्खा मुद्दा या एका फोनमध्ये आहे खरं तर. (गोखले १९७७ ला मुंबईतून जेठमलानींकडून पडले, तो भाग वेगळा.)

के. एस. हेगडे पण असेच. १९५२ ते १९५७ काँग्रेसचे राज्यसभा खासदार, मग म्हैसूर हायकोर्ट, १९६७ ला सुप्रीम कोर्ट. केशवानंद भारती केसमध्ये ज्या बहुमताने संसदेला सांगितलं की घटनेच्या मूळ ढाच्याला हात लावता येणार नाही, त्यात हा माजी काँग्रेस खासदार होता, आणि काँग्रेस सरकारने दुसऱ्याच दिवशी हेगडे, शेलट आणि ग्रोव्हर तिघांना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं. तिघांनी राजीनामे दिले. ज्याने तुम्हाला खासदार केलं, जज केलं, त्याच्याविरुद्ध निकाल देता येतो, जर त्याच्याकडून अजून काही नको असेल तर.

इथेच गोम आहे. लोक म्हणतात की पक्षाच्या माणसाला जज करणं हे बक्षीस आहे. असेलही, मी नाही म्हणत नाही. पण बक्षीस देऊन झालं की सरकारच्या हातात उरतं काय? हायकोर्टाच्या जजला ६२ वर्षांपर्यंत, सुप्रीम कोर्टाच्या जजला ६५ पर्यंत पदावरून कुणी सहज काढू शकत नाही, काढायचं तर दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. माणूस मोकळा होतो. तो मोकळा होत नाही कधी, तर पुढचं गाजर दिसत असतं तेव्हा. आणि मागचं गोत्र सगळ्यांना माहीत असतं, पेपरात छापून आलेलं असतं, समोरचा वकील उठून म्हणू शकतो की साहेब तुम्ही ही केस ऐकू नका. पुढची आशा कुणाला दिसते? ती फक्त त्या एका माणसाच्या डोक्यात असते आणि आपल्याला कळते तेव्हा निकाल लागून गेलेला असतो.

बहरुल इस्लाम यांचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट देतात. आसामचे वकील, १९६२ पासून काँग्रेसचे राज्यसभा खासदार, १९७२ ला खासदारकी सोडून गुवाहाटी हायकोर्टाचे जज. इथपर्यंत हेगडेंसारखंच. मार्च १९८० ला निवृत्त झाले. आणि निवृत्त झालेल्या माणसाला त्याच डिसेंबरात सुप्रीम कोर्टात आणलं गेलं! डिसेंबर १९८२ मध्ये बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्रा यांच्यावरचा पाटण्याच्या बँकेचा खटला मागे घ्यायला कोर्टाने दोन विरुद्ध एक अशी परवानगी दिली, बहरुल इस्लाम दोनात होते, विरोधात गेले ते आपल्या मुंबई हायकोर्टातून गेलेले तुळजापूरकर. महिन्याभरात, निवृत्तीला दीडेक महिना उरला असताना, इस्लाम यांनी राजीनामा दिला कारण बारपेट्यातून काँग्रेसचं लोकसभेचं तिकीट मिळालं होतं. तिथे निवडणूक होऊ शकली नाही तर त्याच वर्षी परत राज्यसभा.

आता यातला न सांगितला जाणारा भाग. तेच प्रकरण परत पाच जजच्या घटनापीठापुढे गेलं आणि डिसेंबर १९८६ मध्ये त्यांनीही बहुमताने तोच निकाल कायम ठेवला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने इस्लाम यांचं मत अगदीच वाऱ्यावरचं नव्हतं. पण आज चाळीस वर्षांनी कुणी त्या कायद्याच्या मुद्द्यावर बोलतं का? कुणीही नाही. तिकिटामुळे निकालच नासला. आणि तो त्यांच्या खासदारकीमुळे नासलेला नाही, ती १९७२ ला संपली होती.

तसंच रंजन गोगोईंचं. नोव्हेंबर २०१९ ला निवृत्त झाले, जाता जाता अयोध्या, राफेल असे निकाल, आणि चार महिन्यांत, मार्च २०२० ला, राष्ट्रपती नियुक्त राज्यसभा सदस्य. गोगोई कधीच कुठल्या पक्षात नव्हते, वडील मुख्यमंत्री होते तेवढंच. अयोध्येचा निकाल पाच जजनी एकमताने दिला, तो बरोबर की चूक यावर वाद घालायची जागा ही नाही, पण ज्याला तो निकाल पटला नाही त्याच्या हातात आपण कायमचं एक कारण देऊन ठेवलं. त्याच बेंचवरचे अब्दुल नझीर जानेवारी २०२३ ला निवृत्त, फेब्रुवारीत आंध्रचे राज्यपाल. सदाशिवम २०१४ ला सरन्यायाधीश पदावरून निवृत्त आणि त्याच वर्षी केरळचे राज्यपाल. कलकत्ता हायकोर्टाचे अभिजित गंगोपाध्याय यांनी तर कमालच केली, ५ मार्च २०२४ ला जजपदाचा राजीनामा, ७ मार्चला भाजपात प्रवेश आणि जूनमध्ये तमलुकचे खासदार. राज्य सरकारविरुद्धच्या भरतीच्या केसेस ज्याने ऐकल्या तो माणूस दोन दिवसांत विरोधी पक्षाच्या स्टेजवर! निकाल शंभर टक्के बरोबर असतील, मी मानतो, तरी पण ज्या शिक्षकाची नोकरी त्याच्या ऑर्डरने गेली त्याला तुम्ही काय तोंडाने सांगणार?

काँग्रेसवाल्यांनी यावर फार उड्या मारू नयेत. रंगनाथ मिश्रांना १९९८ ला राज्यसभेत त्यांनीच पाठवलं. आणि हा रोग जुनाच आहे. मुंबई हायकोर्टात ज्या कोर्टरूममध्ये टिळकांना शिक्षा झाली तिथे १९५६ ला त्यांच्या शब्दांची पाटी लागली, ती लावली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी. छागला म्हणजे काय तोलाचा जज, सगळी मुंबई आजही नाव काढते. तेच छागला तेव्हाचे अॅटर्नी जनरल सेटलवाड यांच्या लॉ कमिशनवर मेंबर होते, त्या कमिशनने १९५८ च्या रिपोर्टात लिहिलं की निवृत्त जजनी सरकारी पदं घेऊ नयेत, आणि त्याच वर्षी छागला अमेरिकेत राजदूत म्हणून गेले, पुढे केंद्रात मंत्री. सेटलवाडांनी ते कधी विसरलं नाही. घटना समितीतही हा विषय निघाला होता, तेव्हा बाबासाहेबांचं म्हणणं होतं की कोर्टासमोर येणाऱ्या बहुतेक केसेस लोकांच्या आपापसातल्या असतात, सरकारचा त्यात फारसा संबंध नसतो, त्यामुळे सरकारला जजला भुलवायची गरज क्वचितच पडेल. १९४९ ला ते खरं होतं. आज देशातला सगळ्यात मोठा पक्षकार सरकार स्वतः आहे, टॅक्स, जमीन, भरती, टेंडर, सगळीकडे तेच. बाबासाहेबांचं तर्कशास्त्र तसंच ठेवलं तर उत्तर आज उलटं येतं.

आणि बंदी घालणं घटनेला परकं आहे असंही नाही. कॅगला, म्हणजे सरकारचे हिशोब तपासणाऱ्याला, निवृत्तीनंतर केंद्र किंवा राज्य सरकारचं कुठलंही पद घेता येत नाही, कलम १४८ मध्ये स्पष्ट लिहिलंय. यूपीएससीच्या अध्यक्षाला कलम ३१९ आडवं येतं. सुप्रीम कोर्टाच्या जजला निवृत्तीनंतर कुठल्या कोर्टात वकिली करायला बंदी आहे, म्हणजे तो काळा कोट घालून गरिबाची केस लढू शकत नाही पण राज्यपाल होऊ शकतो. वा!

मग करायचं काय. मला वाटतं दोन वर्षांचा गॅप, जो सरन्यायाधीश लोढांनी २०१४ ला सुचवला होता, तो कमी आहे, एका लोकसभेची टर्म तरी जाऊ दे, म्हणजे ज्या सरकारच्या केसेस ऐकल्या तेच सरकार बक्षीस देईल ही शक्यता बरीच कमी होते. निवडणूक लढवायची तर त्यालाही तोच नियम. हेगडे राजीनाम्यानंतर चार वर्षांनी लोकांसमोर गेले, जिंकले आणि लोकसभेचे अध्यक्ष झाले, त्यात कुणाला वास आला नाही. ट्रिब्युनल आणि कमिशनं यांचा प्रश्न वेगळा आहे, तिथे कायद्यानेच माजी जज लागतात, त्या नेमणुका सरकारच्या हातातून काढून घेतल्या तरी बरंच भागेल. आणि ६२ ला घरी बसवलेल्या धडधाकट माणसाला आयुष्यभर पूर्ण पगार द्यावा लागला तर द्या, स्वस्तच पडेल.

येतानाच्या दाराला काहीच नियम नको असं मी म्हणत नाही हां. व्हिक्टोरिया गौरींच्या बाबतीत पक्षाच्या पदापेक्षा मोठा आक्षेप त्यांच्या अल्पसंख्याकांबद्दलच्या जाहीर वक्तव्यांवर होता. एखाद्या समाजाबद्दल जाहीर तिरस्काराने बोललेला माणूस पक्षात असो नसो, जज नको, आणि कॉलेजियमने, म्हणजे जज निवडणाऱ्या वरिष्ठ जजच्या समितीने, ते तपासलं का, तपासलं तर काय ठरवलं, हे लोकांना कळायला पाहिजे. गौरींच्या नेमणुकीविरुद्धच्या याचिकेच्या सुनावणीत बेंचवर होते भूषण गवई, ते म्हणाले की मलाही राजकीय पार्श्वभूमी आहे, पण इतक्या वर्षांत ती कधी आडवी आली नाही. अमरावतीच्या रिपब्लिकन नेते रा. सू. गवईंचा मुलगा, लपवण्यासारखं काही नव्हतंच. त्याच वर्षी जुलैमध्ये राहुल गांधींची मानहानीची केस त्यांच्यासमोर आली तेव्हा सुरुवातीलाच त्यांनी दोन्ही बाजूंच्या वकिलांना सांगितलं की माझे वडील काँग्रेससोबत चाळीसेक वर्षं होते, भाऊ अजून राजकारणात आहे, तुम्हाला चालत नसेल तर मी बाजूला होतो. सिंघवी आणि महेश जेठमलानी दोघेही म्हणाले आमची हरकत नाही. दोन आठवड्यांनी शिक्षेला स्टे दिला, आणि भाजपलाही निकाल काँग्रेसी आहे म्हणायची सोय राहिली नाही. मिनिटभराचं काम होतं. आणि नंतर सरन्यायाधीश झाल्यावर त्यांनी हेही जाहीर केलं की निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही. प्रत्येक जजने शपथ घेतानाच हे सांगितलं तर कायदा बदलायची वाटसुद्धा बघायला नको.

कायदा बदलायचाच असेल तर मसुदा शोधायला लांब जायची गरज नाही. २०१२ ला भाजपच्या वकिलांच्या मेळाव्यात अरुण जेटली म्हणाले होते की निवृत्तीआधीच्या निकालांवर निवृत्तीनंतरच्या नोकरीचा परिणाम होतो, आणि त्याच स्टेजवरून तेव्हाचे पक्षाध्यक्ष नितीन गडकरी म्हणाले होते की निवृत्तीनंतर दोन वर्षांचा गॅप ठेवा. ते तेव्हा विरोधात होते. आज जो विरोधात आहे त्याने फक्त ती जुनी भाषणं सभागृहात जशीच्या तशी वाचून दाखवावीत, नवीन काही लिहायचे कष्ट नकोत.